उभी बाई

सहा मिनिटांच्या एका फिल्ममधून मी एक बाई काढून टाकली. ती काहीच करत नव्हती, नुसती उभी होती, म्हणून काढली.

चूक एवढीच. पुढं जे सांगतो आहे ती सगळी सारवासारव, आणि त्या कलेत माझा हात धरील असा माणूस निदान चंद्रपूर जिल्ह्यात तरी सापडायचा नाही.

मी अ‍ॅनिमेशनमध्ये आहे. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी खूश होतो आणि मग कागद आणतो. “आमच्या छोटीचं एक चित्र काढून द्या न भाऊ.” मला चित्र काढता येत नाही. शाळेत मी काढलेला हत्ती बाईंनी इस्त्री समजून ‘घरगुती वस्तू’ या पानावर धरला आणि दहापैकी सात दिले. मीही गप्प बसलो. सारवासारवीची सुरुवात तिथली.

वडील वीज केंद्रात होते, त्यामुळं मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. ते निवृत्त झाल्यावर आम्ही कॉलनीच्या बाहेर घर बांधलं, पण जयंतीची वर्गणी आणि भांडणं अजून कॉलनीतच चालतात. एका वर्षी समितीनं कमान रंगवायचं काम माझ्यावर टाकलं. कार्टूनवाला आपल्यातलाच आहे, तर बाहेरचा पेंटर कशाला, असा विचार.

मी म्हटलं, मला येत नाही.

“मंग कार्टून कोन काढते?” अध्यक्षांनी विचारलं.

“दुसरे काढतात, काका.”

“आन् तू?”

“ते काढून राह्यले का नाही, ते मी पाहतो.”

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि मला खुर्च्या मांडायला पाठवलं. ते काम मात्र मी चोख केलं. रांगा अशा सरळ की दुसऱ्या दिवशी भाषणापेक्षा खुर्च्यांचं कौतुक जास्त झालं.

तर हे पाहणं म्हणजे काय, ते एकदा नीट सांगून टाकतो. फिल्म म्हणजे लहान लहान तुकडे, त्यांना शॉट म्हणतात. एक शॉट पाच-सहा हातांतून जातो. कुणी रेखाटतं, कुणी रंगवतं, कुणी पात्रं हलवतं, कुणी त्यांच्या तोंडात आवाज बसवतं. कोणता शॉट कुणाकडं अडकला, का अडकला, कधी सुटणार, हे विचारत फिरणारा एक माणूस लागतो. तो मी. माझ्याकडं एक लांबलचक तक्ता असतो. झालं ते हिरवं, चालू आहे ते पिवळं, अडकलं ते लाल. दिवसभर मी लालाचं पिवळं आणि पिवळ्याचं हिरवं करण्याच्या मागं असतो. स्वतः काही निर्माण करत नाही. इंजिनिअरिंग करून, नोकरीसाठी दोन वर्षं चपला झिजवून मी या कामाला लागलो, कारण जाहिरातीत लिहिलं होतं, ‘चित्रकला येण्याची गरज नाही.’ आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडं नसलेल्या गोष्टीची कुणाला गरज नव्हती.

आमचा स्टुडिओ हैदराबादला. तिथं आम्ही चित्र न काढणारेही पुष्कळ. यंत्रं सांभाळणारा एक, आवाज घेणारा एक, करार लिहिणारी एक, फाइलींना नावं देऊन त्या हरवू न देणारी एक. चित्रकाराच्या वाढदिवसाला केक यायचा, त्यावर त्याचं हसरं व्यंगचित्र. आमच्या वाढदिवसालाही केक यायचा, त्यावर ‘टीमकडून शुभेच्छा’. आम्ही जेवणाच्या टेबलावर जाऊन बसलो की चित्रकार आपसातलं बोलणं थांबवायचे, जसे वर्गात मॉनिटर आल्यावर थांबतात. एकानं तर तोंडावर सांगितलं होतं, “तू आल्याशिवाय काम होतं यार. तू आल्यावर नुसतं कळतं की झालं नाही.” मी हसलो. हसण्याचं कामही चित्र न काढणाऱ्यांकडंच असतं.

पुढं स्टुडिओनं अर्धी जागा सोडली. चित्रकारांना जागा लागते, तक्ता कुठूनही बघता येतो, असं ठरलं, आणि मी लॅपटॉप घेऊन चंद्रपूरला परत आलो. शेजाऱ्यांना वाटलं, नोकरी गेली. आईनं दारोदार जाऊन सांगितलं, गेली नाही, घरी आली आहे.

अशात ती फिल्म आली. गावागावांत दाखवण्यासाठी, वाघापासून जपून कसं राहायचं ते सांगणारी. एका संस्थेला ती मोहाची फुलं वेचायच्या हंगामाआधी हवी होती. आमची दिग्दर्शिका हैदराबादची, कामात एकदम पक्की बाई. तिनं फोनवर विचारलं, “तू तो वहीं का है ना रे?”

“एकदम, मॅडम.”

आता खरं सांगतो. मी ‘तिथला’ म्हणजे वीज केंद्राच्या चिमणीखालचा. कॉलनीत कंपनीची बस यायची, क्लबात कॅरम असायचा. बिबट्याही यायचा, पण तो कुंपणाच्या भिंतीवरून चालत गेल्याचं आम्ही दुसऱ्या दिवशी ऐकायचो. मोहाचं झाड मी पाहिलेलं होतं. ते मोहाचं आहे असं कुणीतरी मला सांगितलं होतं. एवढ्या भांडवलावर मी ‘तिथला’ झालो.

फिल्मला आवाज गावातल्याच कुणाचा तरी हवा होता. संस्थेनं एका बाईंचं नाव सुचवलं आणि मी मूल, सावली ही गावं मागं टाकत, वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडच्या त्या गावात गेलो. बाई पन्नाशीच्या, काटक, बोलायला खणखणीत. गावात त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. त्या मला पहिल्या पाच मिनिटांतच बाबू म्हणायला लागल्या. माझा कंपनीचा ओळखपत्राचा पट्टा गळ्यात होता, त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून आवाज घेताना अंगावर जाड पांघरूण घेतात. मी बाईंच्या घरातली गोधडी मागितली आणि त्यांच्या डोक्यावरून घातली.

“हे कायले बाबू?”

“आवाज स्वच्छ यावा म्हणून, बाई. बाहेर कोंबडे ओरडून राह्यले.”

“मंग कोंबड्यायले पांघर न गोधडी.”

दारात जमलेल्या बाया हसून हसून वाकल्या. पण बाई गोधडीत बसल्या आणि जे काही बोलल्या ते एका दमात, कागद न पाहता. मधेच मी यंत्र बंद करायला विसरलो असताना त्या गोधडीच्या आतूनच म्हणाल्या, “आता जे सांगतो ते आयक. हे कागदात नाई.”

त्यांची जाऊ दोन वर्षांपूर्वी मोहाच्या झाडाखाली गेली. मोहाची फुलं पहाटे गळतात, उजाडताना वेचायची असतात. ती फुलं वेचत होती, दहा पावलांवर बाई वेचत होत्या. दोघी वाकलेल्या. बाईंनी मान वर केली तेव्हा जाऊची टोपली तिथंच होती.

एवढंच सांगितलं त्यांनी.

मग गोधडी बाजूला सारून त्या म्हणाल्या, “वाकला मानूस ढोरावानी दिसते बाबू. वाघाले काय मालूम, हे बाई हाय म्हून? उभा राह्यला का मानूस दिसते. म्हून म्या काढलं, पाच जनी गेल्या का चौघीनं येचाचं, एकीनं उभं राहाचं. काठी घेऊन. चारी बाजूनं पाहाचं, आवाज देत राहाचा. रोज एकीची पाळी. आन् घरी येताना चौघीनं आपल्या टोपल्यातून दोन-दोन ओंजयी तिच्या टोपल्यात टाकाच्या. झालं.”

“मग करता का तसं?”

“दोन आठोडे केलं. मंग एकीच्या सासूनं म्हन्लं, तू काय रानी हाय का उभी राहाले? तिनं सोडलं. मंग दुसरीच्या घरच्यायनं म्हन्लं, आमची बाई कायले रिकामी उभी ठेवाची? तिनंबी सोडलं. आता चारी बाया वाकतेत आन् मी एकटी आरडतो.”

मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात माझ्यापेक्षा खरखरीत होता आणि मला उगाच माझ्या मऊ हाताची लाज वाटली.

“तुह्या पिच्चरमदी उभी बाई दाखव. म्या सांगतलं तं कोनी आयकत नाई. भिंतीवर दिसलं का आयकतीन.”

“दाखवतो बाई,” मी म्हटलं. “शंभर टक्के.”

मी परत येऊन हे सगळं दिग्दर्शिकेला सांगितलं. तिलाही पटलं. उभी बाई तेरा शॉटमध्ये आली. यंत्र चालूच राहिलं होतं, त्यामुळं तिच्याबद्दलची बाईंच्या आवाजातली दोन वाक्यंही आली. इथपर्यंत मी माणसात होतो.

मग तक्ता लाल व्हायला लागला.

आमच्याकडं अशा फिल्मची पात्रं कळसूत्री बाहुल्यांसारखी जोडतात. हात वेगळा, मान वेगळी, पदर वेगळा. वेचणाऱ्या चौघी जणी म्हणजे खरं तर एकच बाहुली, लुगड्यांचे रंग तेवढे बदललेले. तिला एकदा वाकवलं, फूल उचलून टोपलीत टाकायला लावलं की तेच पुन्हा पुन्हा चालवता येतं. चौघी काही न सांगता वाकत राहतात. उभ्या बाईचं तसं नव्हतं. ती प्रत्येक शॉटमध्ये वेगळीकडं पाहायची. मान वळवायची तर चेहरा नव्यानं बसवा, डोळे नव्यानं, काठी धरलेला हात नव्यानं, वाऱ्यावरचा पदर नव्यानं. चित्रकार कंटाळले. एकानं शॉट परत पाठवताना लिहिलं, ‘ही बाई नेमकी काय बघते आहे?’

मी तेराच्या तेरा शॉट एका रांगेत लावून पाहिले. पाहिल्यावर मला जे दिसलं ते मी तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं. ते वाक्य मला आजही शब्दशः पाठ आहे. ‘उभी बाई: काही काम नाही. काढल्यास तेरा शॉट हलके.’

दिग्दर्शिकेनं विचारलं, “गांव में चलेगा ना? तू बता, तू वहीं का है.”

मी म्हटलं, “चलेगा मॅडम.”

हे म्हणताना बाईंचा हात मला आठवला नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण आठवला होता. मी मनाला समजावलं की सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये बाकी इतकं चांगलं आहे, की एक बाई गेली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. चित्रात बाई नाही म्हटल्यावर तिच्याबद्दलची दोन वाक्यंही लोंबकळायला लागली, तीही काढली. आवाजवाल्यानं इतक्या सफाईनं सांधलं की बाईंचा श्वाससुद्धा तुटला नाही. त्या दिवशी तक्ता मोहरीच्या शेतासारखा पिवळाधमक झाला आणि चित्रकारांच्या टेबलावरून मला पहिल्यांदा कुणीतरी फोनवर ‘भाई’ म्हणालं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

संस्थेची एक अट होती. फिल्ममध्ये बदल केला तर कच्ची चित्रं आधी गावात नेऊन दाखवायची, लोकांनी हो म्हटलं तर पुढं जायचं. तक्त्यात तशी एक ओळच होती: ‘गावात दाखवून घेणे.’ तिच्यापुढं माझं नाव.

मी निघालो होतो, हे मात्र खरं. गडचिरोलीची एसटी पकडली. मूलला गाडी दहा मिनिटं थांबते. मी तर्री-पोहे खायला उतरलो. तर्री जरा जास्तच झणझणीत होती, दुसरी प्लेट घ्यावी लागली, आणि बाहेर आलो तर गाडी माझी पाण्याची बाटली घेऊन गडचिरोलीकडं गेलेली. पुढची तासाभरानं. ऊन चढलेलं. समोर चंद्रपूरची गाडी उभी, जवळजवळ रिकामी, खिडकीजवळची जागा मोकळी. मी विचार केला, मूल म्हणजे साधारण अर्धा रस्ता. म्हणजे अर्धं काम झालंच. आणि गावात जाऊन बाईंना काय तोंडानं सांगायचं, हा विचारही त्या खिडकीत बसलेला होताच. मी परत आलो.

तक्त्यात अर्धं हिरवं करायची सोय नसते. मी पूर्ण हिरवं केलं.

फिल्म वेळेच्या चार दिवस आधी गेली. आमच्या स्टुडिओत असं कधी झालं नव्हतं. दिग्दर्शिकेनं सगळ्यांना पाठवलेल्या मेलमध्ये माझं नाव वेगळ्या ओळीत होतं. वडिलांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. फिल्मच्या शेवटी नावं सरकतात त्यातही मी होतो, पण ती इतक्या वेगानं सरकतात की आईला मला शोधायला फिल्म सात वेळा थांबवावी लागली.

आणि मग गावात दाखवायचा दिवस आला.

समाजमंदिरात भर दुपारी. खिडक्यांवर निळी ताडपत्री लावून अंधार केलेला, आत माणसांचा उकाडा. संस्थेची दोन माणसं प्रोजेक्टर घेऊन आली होती आणि मी ‘मुंबईचा पिच्चरवाला’ म्हणून. हैदराबाद सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. बाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. घडी मोडलेलं नवं लुगडं. त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, हे त्यांच्या आसपास बसलेल्या बायांकडं पाहून कळत होतं. मागं सासवा बसल्या होत्या, गुडघे धरून.

भिंतीवर फिल्म सुरू झाली आणि बाईंचा आवाज आला तशा सगळ्या हसल्या. कुणीतरी ओरडलं, “वो माय, बाई टीव्हीत गेली!” बाईंनी पदर तोंडाला लावला. मग मोहाचं झाड आलं. झाडाखाली चार बाया. चारही वाकलेल्या. लाल, पिवळी, हिरवी, निळी. बाईंचाच आवाज सांगत होता, एकट्या जाऊ नका, मिळून जा, बोलत राहा. मग झाड गेलं, शेत आलं, गोठा आला, संध्याकाळी शाळेतून येणारी पोरं आली. शेवटी आमची नावं सरकली. माझंही.

कुणीतरी ताडपत्री वर केली. बाई वळून मला म्हणाल्या, “अजून हाय न?”

“नाही बाई. संपली.”

“संपली?”

त्या भिंतीकडं पाहतच होत्या. भिंतीवर आता नुसती उन्हाची चौकट होती.

मागून एका सासूनं सुरुवात केली. “काऊन वो, तू तं म्हने उभी बाई हाय पिच्चरमदी. कुठी हाय? चारीच्या चारी तं वाकल्या होत्या.”

“आन् आवाज तं तुह्याच होता,” दुसरी म्हणाली. “तुह्याच तोंडानं सांगतलं. उभं-गिभं काई नाई बोल्ली तू.”

भिंतीला टेकून उभे असलेले एक भाऊ समजूत घातल्यासारखं म्हणाले, “शिकले-सवरले लोकं हायेत ते. लागत असतं तं ठेवलं नसतं का त्यायनं?”

बाई उभ्या राहिल्या. “म्या म्हन्लं होतं. याले इचारा.” आणि माझ्याकडं बोट केलं.

सगळं समाजमंदिर माझ्याकडं पाहायला लागलं. आयुष्यात एक वाक्य बरोबर बोलायची वेळ आली तर ती हीच होती. म्हणायचं होतं, बाई खरं बोलतात, काढलं मी, माझ्या आळसानं. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित भिंतीवरच्या चित्राइतकंच काम झालं असतं.

मी म्हटलं, “काही तांत्रिक कारणं होती.”

झालं. तांत्रिक कारण म्हटल्यावर कोण काय बोलणार? तो शब्द गावात तलाठ्याकडून आणि विजेच्या ऑफिसातून बरेचदा येऊन गेलेला होता. लोक उठले. बायांच्या घोळक्यातून हसण्याचा आवाज आला, आणि या वेळी बाई त्या हसण्यात नव्हत्या. त्यांनी आपली चप्पल शोधली, घातली आणि माझ्याकडं न पाहता निघून गेल्या. त्या खोटं बोलतात याचा पुरावा आता पेनड्राइव्हवर होता, आणि तो मी बनवला होता.

मी दिग्दर्शिकेला फोन केला. सगळं सांगितलं, मूलच्या पोह्यांसकट. ती म्हणाली, फिल्मचं काम बंद झालं, प्रती गावोगाव गेल्या, आता उघडायची तर संस्थेची परवानगी लागेल. संस्थेनं लिहिलं, सूचना मोलाची आहे, दुसऱ्या टप्प्यात विचार करू. दुसरा टप्पा ही आमच्या धंद्यातली स्वर्गासारखी जागा आहे. तिथून परत येऊन कुणी काही सांगितलेलं नाही. चित्रकार मित्राला म्हटलं, मला एक शॉट तरी करून दे, मी मोबाइलवर दाखवीन. तो म्हणाला, “तूच तर काढायला लावली होतीस ना?” त्याचंही बरोबर होतं. आमच्या धंद्यात सगळ्यांचं बरोबरच असतं, फक्त फिल्म चुकते.

संध्याकाळी अंगणात वडिलांना सांगितलं. वडील सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये बसले. समोर मीटरच्या काट्यांच्या रांगा. काटा हलला तर उठायचं, नाही हलला तर बसून पाहत राहायचं. लहानपणी मी एकदा त्यांच्यासोबत आत गेलो होतो आणि घरी येऊन आईला सांगितलं होतं की बाबा तिथं काहीच करत नाहीत.

“कोनाले इचारून काढली?” त्यांनी विचारलं.

“कोनालेच नाही.”

ते उठले आणि झाडांना पाणी घालायला लागले. झाडांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

मोहाचा हंगाम लागला तेव्हा मी बाईंना फोन केला. त्या उचलतील असं वाटलं नव्हतं. उचलला.

“या साली कोनीच उभं नाई राहात,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “म्या बोल्लं का म्हन्तेत, पिच्चरमदी कुठी हाय? आता आरडनंबी बंद केलं.”

मी न विचार करता म्हणालो, “मी येतो बाई. मी उभा राहतो.”

“ये,” त्या म्हणाल्या.

आदल्या दिवशीच्या शेवटच्या बसनं गेलो, त्यांच्या ओसरीत झोपलो. उजाडायच्या आत निघालो. बाईंसकट चौघी आणि मी. जमिनीवरचा पाला आधीच जाळून झाडाखालची जागा साफ केलेली होती, त्या काळ्या राखेवर पिवळट फुलं पडत होती. टप. टप. वास असा गोड की पोटात मळमळावं. बाईंनी माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाल्या, “चारी बाजूनं पाह्य. एका जागी नको पाहू. आवाज देत राह्य.”

चौघी वाकल्या. वाकल्यावर त्या खरंच कशा दिसतात ते मला तेव्हा दिसलं. अर्ध्या उजेडात चार पाठी. माणसासारखं त्यांच्यात काही नव्हतं.

पहिली दहा मिनिटं मी छाती काढून उभा होतो. हो, हो, असं ओरडत होतो. मग कळलं की हे काम मला येत नाही. प्रत्येक झाड सारखं दिसत होतं. पान वाजलं की मी तिकडं पाहायचो आणि तिकडंच पाहत राहायचो, बाकीच्या तीन बाजू तशाच उघड्या. आवाज देताना लाज वाटायची, मग आवाज बारीक व्हायचा, मग बंदच. मान दुखायला लागली. बाया फिरत फिरत पुढं सरकत होत्या, त्यांच्यासोबत सरकायचं असतं हेही मला सुचलं नाही. मी आपला पहिल्या जागी, खुंटीसारखा.

तेवढ्यात तिथं, त्या उंचवट्यावर, मोबाइलला रेंज आली. खिशात तीनदा थरथरलं. हैदराबादहून विचारत होते, नव्या फिल्मचे शॉट कुठं अडकले? मी काठी काखेत धरली आणि मान खाली घालून लिहायला लागलो.

“हेऽऽय!”

बाईंची ती आरोळी मी कधी विसरणार नाही. मान वर केली तर चौघी ताठ उभ्या, पाठीला पाठ लावून, आणि माझ्या मागच्या झुडपात, माझ्यापासून फार तर वीस हातांवर, काहीतरी जड चालत होतं. काठी माझ्या काखेतून पडली. मोबाइल पडला नाही.

झुडपातून गाय बाहेर आली. गावातलीच, गळ्यात लाकडी घंटा असलेली. ती घंटा कधीपासून वाजत असणार. मला ऐकू आली नव्हती.

तिघी हसायला लागल्या. एकीनं तर खाली बसून हसून घेतलं. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या. त्यांची टोपली जेमतेम तळ झाकण्याइतकी भरली होती, ती त्यांनी झाडाच्या बुडाशी ठेवली, खाली पडलेली काठी उचलली आणि मी उभा होतो तिथं येऊन उभ्या राहिल्या. जंगलाकडं तोंड करून, चारी बाजूंनी पाहत. माझ्याशी बोलतानाही त्यांनी नजर जंगलावरून काढली नाही.

“बाबू, तू घरी जा,” त्या म्हणाल्या. “तू इथी असला का मले वाघावरबी ध्यान ठेवा लागते आन् तुह्यावरबी.”